मुजावरभाईंचा ॲटवाइट

रशीद मुजावर यांचं इंग्रजी ए आणि बी या दोन अक्षरांपुरतं अफाट आहे. सीपासून पुढे ते माझ्यापेक्षाही कच्चं. कॅन्टीनच्या वांग्याच्या भाजीला ते 'अबॉमिनेबल' म्हणतात, रजेच्या अर्जात 'विनंती आहे'ऐवजी 'आय बिसीच' असं लिहितात, बस चुकवून आलेल्या माणसाला 'बिलेटेड' ठरवतात. पण भाजी तिखट झाली तर मात्र 'लई तिखट हाय राव' यापुढे त्यांची गाडी सरकत नाही. कारण साधं आहे. तरुणपणी त्यांनी पिंपरीतल्या एका रद्दीवाल्याकडून जुना, सिमेंटच्या गोणीसारखा जड इंग्रजी शब्दकोश उचलला. घरी नेऊन पाहिलं तर तो बऱ्याच खंडांपैकी फक्त पहिला निघाला. ए आणि बी. बाकीचे खंड त्यांना कधीच सापडले नाहीत. मग जो हाती होता तोच त्यांनी तीस वर्षं वाचला.

"समदी अक्षरं अर्धी अर्धी येन्यापरीस दोन तरी पुरी यावीत, सायेब," असं त्यांचं म्हणणं.

आमची कंपनी चाकणला. गाड्यांना लागणारे लोखंडी ब्रॅकेट आम्ही बनवतो. मी तिथे क्वालिटी मॅनेजर आणि मुजावरभाई माझ्याच खात्यात कागदपत्रं सांभाळतात. खेडचे, म्हणजे आताच्या राजगुरुनगरचे. रोज स्कूटरवर येतात. चष्मा दोरीने गळ्यात, खिशात लाल, निळं, हिरवं अशी तीन पेनं. त्यांचा नंबर आणि शिक्का पडल्याशिवाय आमच्या खात्यातून साधा कागदही बाहेर जात नाही, आणि ते शिक्का सहजासहजी मारत नाहीत. समोर ठेवलेल्या कागदावर बोट ठेवून ते एकच विचारतात, "सोत्ता बगितलं का?" 

"अहो, सुपरवायझरने सांगितलंय."

"सुपरवायझरनं सांगितलं ते आयकलं झालं. मी बगितलं का इच्यारतोय."

लोक वैतागत. मीही वैतागायचो.

चिडणं हा त्यांचा स्थायीभाव. पण स्वतःच्या पगारासाठी, बढतीसाठी चिडलेले मी त्यांना पाहिले नाहीत. कुणावर खोटा आळ आला की त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होत. मग आधी इंग्रजी सुरू होई. 'ॲब्सर्ड', 'ॲट्रोशस', 'बार्बरस'. बी संपला की ते मराठीत उतरत, आणि मराठीला खंडांची अडचण नसल्यामुळे पुढचा अर्धा तास कुणाची धडगत नसे.

त्यांचा सगळ्यात मोठा राग एका वाक्यावर होता. आमच्या धंद्यात ग्राहकाकडे एखादा खराब भाग गेला, की आठ पायऱ्यांचा एक अहवाल पाठवावा लागतो. चूक का झाली, कशी झाली, आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं. कागदावर पद्धत उत्तम आहे. प्रत्यक्षात चाकणपासून भोसरीपर्यंत निम्म्या अहवालांच्या शेवटी एकच वाक्य असतं, 'ऑपरेटर कौन्सेल्ड'. म्हणजे ऑपरेटरचं समुपदेशन करण्यात आलं. मशीन झिजलेलं असो, दिवे मंद असोत, एका माणसाला तीन माणसांचं काम दिलेलं असो, समुपदेशन ऑपरेटरचं.

पाचेक वर्षांपूर्वी असाच एक अहवाल मी त्यांच्या पुढ्यात टाकला. त्यांनी चष्मा चढवला, वाचला, आणि कागद दोन बोटांत धरून मेलेल्या उंदरासारखा लांब केला.

"समुपदेशन म्हंजी काय, सायेब?"

"समजावून सांगणं."

"मंग हे खोटं हाय. काल तुमच्या सुपरवायझरनं त्या मशीनवरच्या बापूला समद्या लाईनसमोर 'डोळे गहाण ठिवले का' म्हनून झापला. मी सोत्ता बगितलं. ते समजावनं व्हय? आळ घ्यायचा, पाणउतारा करायचा, आन् कागदावर ल्ह्यायचं की आमी लई मायेनं सांगितलं! अबॉमिनेबल! काय केलं ते तरी खरं ल्ह्या!"

"मग काय लिहू? झापला असं लिहू?"

ते वर्गातल्या हुशार मुलाने उत्तर द्यावं तसे म्हणाले, "ॲटवाइट."

हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. तुम्हीही ऐकला नसेल. इंग्रज माणसानेही तो चार-पाचशे वर्षांत तोंडात घेतलेला नाही. 'ॲट' म्हणजे समोर, अंगावर. 'वाइट' म्हणजे दोष, बोल. समोरच्याला त्याचा दोष देणं, ठपका ठेवणं. त्यांच्या खंडात तो होता, आणि त्याच्यापुढे हा शब्द आता मेला आहे अशी खूणही होती.

"मेला कसा? लोकं एकमेकांला बोल लावायची थांबलीत का?" मुजावरभाई भडकले. "काम चालू हाय आन् शब्द मेला? लबाड झाली लोकं. तोंडावर बोलायची हिंमत न्हाई ऱ्हायली, म्हनून शब्द मारला."

मी घाईत होतो. वाद नको म्हणून 'ऑपरेटर वॉज ॲटवाइटेड' असं लिहिलं, शिक्का मिळवला आणि अहवाल पाठवून दिला. ग्राहक कंपनीत कोण वाचतंय?

पण तिथे एक नवा इंजिनिअर वाचत होता. दुसऱ्या दिवशी त्याची मेल आली: ॲटवाइट ही उपाययोजना चांगली वाटते, तिची लेखी कार्यपद्धती आणि प्रशिक्षणाची नोंद पाठवावी.

त्याला वाटलं, ही जपानहून आलेली एखादी नवी पद्धत असावी. आमच्या धंद्यात हे सहज खपतं. इकडे महिन्याला एक नवी पद्धत येते आणि तिचा अर्थ विचारणं कमीपणाचं समजतात. मी आमच्या प्लँट हेडना मेल दाखवली. शब्दाचा अर्थ त्यांनाही माहीत नव्हता, पण ते म्हणाले, "मग बनवा ना कार्यपद्धती. उशीर कशाला?"

कार्यपद्धती मुजावरभाईंनी लिहिली. एका पानाची, हिरव्या पेनाने. ज्याने चूक स्वतः पाहिली त्यानेच बोलावं. मशीन बंद करून, तोंडावर, उभं राहून बोलावं. एकदाच बोलावं, नंतर मागे चघळू नये. आणि ज्याला बोललो त्याचं उत्तर पुरं ऐकून घ्यावं, तो चिडला तरी. मी ते टाइप केलं, त्यांनी नंबर दिला, आणि आमच्या कंपनीत ॲटवाइट रीतसर लागू झालं. पुढच्या ऑडिटला ऑडिटरने गंभीरपणे विचारलं, "ॲटवाइटचं रेकॉर्ड?" आम्ही फाइल दाखवली. त्याने टिकमार्क केला. वर्षभरात शेजारच्या दोन पुरवठादारांच्या अहवालांतही तो शब्द दिसू लागला. लाईनवर पोरं एकमेकांना म्हणत, "भावा, आज तुझं ॲटवाइट हाय, डबा खाऊन घे." चार-पाचशे वर्षं मेलेला शब्द चाकणच्या एमआयडीसीत तीन शिफ्टमध्ये जिवंत झाला होता. आम्ही हसायचो. मुजावरभाई हसायचे नाहीत.

आता माझं सांगतो. ते सांगितल्याशिवाय मुजावरभाईंचं सांगता येणार नाही.

गेल्या वर्षी एका शनिवारी ग्राहकाची लाईन बंद पडायची वेळ आली होती. दर दहा मिनिटांनी फोन. गाडी दारात उभी, दोन पेट्या कमी. तपासणीच्या टेबलाच्या बाजूला दोन पेट्या होत्या, न तपासलेल्या. मी स्वतः त्या उचलल्या आणि गाडीत चढवल्या. टेबलावर वैशाली काम करायची. ठेकेदाराकडची, हिंगोलीकडची, नवऱ्याबरोबर कुरुळीला खोली घेऊन राहणारी. ती तेव्हा जेवायला गेली होती. त्या पेट्यांमध्ये डाव्या बाजूचे आणि उजव्या बाजूचे ब्रॅकेट एकत्र झालेले होते. सोमवारी ग्राहकाकडून तक्रार आली.

प्लँट हेड म्हणाले, "तपासणी कोणाची? त्या बाईची ना? लिहा तिचं नाव आणि कामावरून बंद करा तिला. कस्टमरला ॲक्शन दिसली पाहिजे."

मी बोललो नाही. बोलायला तोंड उघडलं होतं, हे खरं. पण मुलीचं बारावीचं वर्ष, मोशीच्या फ्लॅटचा हप्ता, माझं वय एकोणपन्नास, हे सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं आणि तोंड मिटलं. अहवाल घेऊन मी मुजावरभाईंकडे गेलो. त्यांनी नेहमीसारखं बोट ठेवलं.

"वैशालीनं मिसळलं? कुनी बगितलं?"

मी म्हणालो, "मी बघितलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग शिक्का मारला. 'सोत्ता' हा शब्द त्यांनी त्या दिवशी वापरला नाही. इतक्या वर्षांच्या माणसावर त्यांनी विश्वास ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिफ्टच्या वेळी वैशालीला गेटवर अडवलं. सिक्युरिटीने शंभर लोकांसमोर तिची पिशवी उलटी करून कंपनीचा चिमटा आणि हातमोजे काढून घेतले. "काहून? मी काय केलं?" असं ती विचारत होती. मी पहिल्या मजल्याच्या काचेतून पाहत होतो. हो, तेवढं मात्र मी स्वतः पाहिलं.

तीन आठवडे मला अन्न गोड लागलं नाही. कुणी काही बोललंही नाही, आणि तेच असह्य होत होतं. मी उगाच मुजावरभाईंच्या टेबलापाशी घुटमळायचो. एकदा जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर तो ॲटवाइट शोधत बसलो. बोलायला काही विषय हवा होता. शोधता शोधता बरंच सापडलं. मी त्यांच्याकडे गेलो.

"मुजावरभाई, तुमचा शब्द मेला नव्हता."

"आँ?"

"बोलता बोलता लोकांनी पुढचा 'ॲ' गिळला. उरलेला 'ट' वाइटला चिकटला. त्याचा झाला ट्विट; मोबाइलवरचं ट्वीट नव्हे, हा वेगळा. तो टीच्या खंडात गेला, म्हणून तुम्हाला दिसला नाही."

त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजी जित्ता हाय? आन् अर्थ?"

"अर्थ जरा उतरला. आता त्याचा अर्थ चिमटा काढणं, थट्टेत टोचून बोलणं. आणि नाम म्हणून वापरला तर मूर्ख माणूस."

कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "थट्टा? आरं, येवडा मोठा शब्द! मानसानं मानसाच्या तोंडावर खरं बोलायचं, आन् त्याची ह्यांनी थट्टा केली? टोचून पळून जायचं आन् वर म्हनायचं मी गंमत केली! ॲट्रोशस! त्यापरीस मेला आसता तर बरं हुतं!"

त्यांना शांत करावं म्हणून मी दुसरी गोष्ट सांगितली, आणि तिथेच अडकलो. "तो 'वाइट' आहे ना, त्याच्याही मुळाशी पाहणं आहे. लक्ष ठेवून पाहणं. आपला वेद, विद्या ज्या धातूवरून येतात त्याच घरातला तो शब्द. आधी पाहणं, मग जाणणं, मग दोष दाखवणं."

मुजावरभाई खुर्चीवरून उठलेच. "बगा! बगा! मी काय म्हनत हुतो? मला खंडात घावलं न्हाई, पन मनात हुतं. बगितल्याबिगर बोलायचा हक न्हाई!" आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "म्हनून तर सायेब, त्या दिशी तुमी सांगितलं आन् मी शिक्का मारला. दुसरा कुनी आसता तर मारला नसता."

मला त्यांच्यासमोरच्या स्टुलावर बसावं लागलं. मी सगळं सांगितलं. पेट्या, गाडी, ती जेवायला गेली होती हे, मी खोटं बोललो हे. सांगून झाल्यावर मान खाली घालून वाट पाहिली. ए ते बी आणि मग मराठी, जे काय येईल ते.

काही आलं नाही. ते एवढंच म्हणाले, "कागद आदी सुदरा. मंग आयतवारी कुरुळीला जाऊ."

"तुम्ही मला काही बोलणार नाही?"

"मी बगितलं न्हाई. बोलायचा हक तिचा हाय."

मी सुधारित अहवाल लिहिला. तिचं नाव काढलं, माझं घातलं. प्लँट हेड म्हणाले, "झालेलं कशाला उकरताय? हिरो बनायचंय?" मला वॉर्निंग लेटर मिळालं. ते मी घेतलं. आणि रविवारी दुपारी मुजावरभाईंच्या स्कूटरवर मागे बसून कुरुळीला गेलो.

पत्र्याच्या खोल्यांची रांग. वैशाली दारात मेथी निवडत बसली होती. मला पाहून उभी राहिली नाही.

"काहून आलात साहेब? आनखी कशात नाव घालायचं ऱ्हायलं का?"

मी उभ्यानेच सगळं सांगितलं; कागदावरून तिचं नाव काढलंय, परत कामावर या, हेही. तिने जुडी खाली ठेवली. आणि मग ती बोलली. किती वेळ, सांगता येणार नाही.

"तुमी पेट्या उचलल्या आन् माझं नाव सांगितलं? तुमाला माय-बहीन हाय का नाही? तीन हप्ते मी दारोदार फिरले. ठेकेदारानं सगळीकडं सांगून ठिवलं, ही बाई चुका करती म्हनून. शेजारीन इचारती, चोरी केली व्हती का गं? माझा नवरा इचारतो, खरं सांग, झोपली व्हतीस का टेबलावर? माझा नवरा! त्याला पन खरं वाटंना! आन् तुमी एसीत बसून बघत व्हते. तिकडं वर काचंत तुमीच व्हते ना? मला दिसले व्हते तुमी!"

मी हो म्हणालो. शेजारच्या खोल्यांतून बाया बाहेर आल्या होत्या. ती आणखी चिडली. चिडता चिडता रडली, आणि रडल्याचा राग येऊन पुन्हा चिडली.

"कागदावरचं नाव काढलं म्हनता. कागद कुनी वाचला? पिशवी झाडली ती शंभर लोकांनी बघितली. त्याच गेटवर, त्याच शिफ्टला, त्याच लोकांसमोर सांगा की चूक माझी हाय, बाईची नाही. मंग येते कामाला. नाहीतर तुमची कंपनी तुमाला लखलाभ."

मी कबूल केलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तसं केलंही. आवाज दोनदा गेला, मागून कुणीतरी शिट्टी मारली. पण सांगितलं. वैशाली आज त्याच टेबलावर आहे. माझ्याशी कामापुरतं बोलते, आणि ते बरोबरच आहे. पण मला सांगायचंय ते त्या रविवारच्या परतीचं.

हायवेला लागण्याआधी मुजावरभाईंनी स्कूटर बाजूला घेतली आणि बंद केली. मला वाटलं, पेट्रोल संपलं. ते हँडल धरून समोर बघत राहिले.

"नशीबवान हाय तुमी, सायेब."

"मी? अहो, तिने माझी सालं काढली."

"तेच म्हंतो. तोंडावर बोलली. येवडं बोलली, आन् मंग म्हनली, येते." मग म्हणाले, "माजा समीर एक शब्द बोल्ला न्हाई."

इतक्या वर्षांत त्यांना मुलगा आहे हे मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं.

"त्याची अम्मी घरात पडली तवा मी सेकंड शिफ्टला. शेजाऱ्यानं सांगितलं, समीर ग्राउंडवर हुता, क्रिकेट खेळत. दफन करून आलो आन् समद्या पावन्यांसमोर मी त्याला बोललो. म्हनलं, तुज्यामुळं गेली. तो नुसता बगत ऱ्हायला. मयतीचा चाळीसावा दिस झाला, आन् बॅग घिऊन निगून गेला. मागून कळलं, तो तिच्याच औशदाला चाकणला गेल्ता. जाताना कुनाची तरी गाडी मागायला ग्राउंडवर थांबला हुता." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "मी बगितलं नव्हतं. तरी बोललो."

"आता कुठे असतो?"

"तळेगावात. मोटारीचं गॅरेज हाय त्याचं. लांब न्हाई. दोनदा गेलो, तर मागल्या दारानं निगून गेला. फोन केला तर माजा नंबर लागत न्हाई. मला तो काय बोलंल ह्याची भीती न्हाई वो. त्यानं बोलावं. आईबापाचा उद्दार करावा. पन बोलावं."

मग पहिल्यांदाच, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, त्यांनी माझ्याकडे काही मागितलं. "तुमच्या फोनवरनं लावून बगता?"

नंबर त्यांना पाठ होता. मी लावला. तीनदा वाजला.

"हॅलो, गॅरेज. कोण?"

मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. "समीर, मी अब्बा बोलतोय."

पलीकडे काही नव्हतं. मला वाटलं, कट झाला. ते डोळे मिटून उभे होते. मग फोनमधून बारीक, वेगाने बोलणारा एक आवाज यायला लागला. शब्द मला कळत नव्हते. आवाज चढत होता.

"हां बेटा," मुजावरभाई म्हणाले. "हां... व्हय... माजंच चुकलं... न्हाई, तू थांबू नको. बोल."

मी ऐकू येणार नाही इतका लांब जाऊन उभा राहिलो. रस्त्यावरून कंटेनर जात होते. एकेक जवळ आला की मुजावरभाई मोकळ्या हाताने दुसरा कान घट्ट दाबून धरत, पलीकडचा एकही शब्द सुटू नये म्हणून.